निरीक्षक येण्याआधी आणि गेल्यानंतरही : कारखान्यातील सुरक्षिततेविषयी वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीनंतर खानदेशात जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा, हंगाम उभा राहतो, जळगावच्या डाळ मिलमध्ये नव्या तुरीच्या आधीची साफसफाई निघते आणि नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची पसरू लागते. सातपुड्यातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून हंगामी माणसे याच दिवसांत कामावर येतात. नव्या माणसाची यंत्राशी ओळख झालेली नसते आणि मालकाला माल आत घेण्याची घाई असते. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, तिचे प्रशिक्षण आणि सरकारी तपासणी यांविषयी आलेली काही पत्रे म्हणूनच या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. हंगामात साठ-सत्तर माणसे कामावर असतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून तपासणी होण्याची शक्यता आहे. कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत, निरीक्षक नेमके काय पाहतात आणि तयारीला किती दिवस लागतील? (एक जिनिंग मालक, धरणगाव तालुका)

उत्तर : कागदपत्रांचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येते. कारखान्याची नोंदणी व परवाना, मंजूर नकाशा, हजेरीची व अपघातांची नोंद, कामगारांना दिलेली नियुक्तिपत्रे आणि प्रशिक्षणाची नोंद एका ठिकाणी असावी. त्यासोबत सक्षम व्यक्तीने (अशा तपासणीसाठी शासनाने मान्यता दिलेल्या तज्ज्ञाने) दिलेली तपासणीची प्रमाणपत्रे लागतात. माल उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची तपासणी १२ महिन्यांतून एकदा, माल वर चढवणाऱ्या लिफ्टची ६ महिन्यांतून एकदा, तर कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीची बाहेरून दर ६ महिन्यांनी आणि आतून दर १२ महिन्यांनी व्हावी लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. जिनिंगवाल्यांकडे जुलैचे प्रमाणपत्र बहुधा राहून जाते, कारण त्या वेळी कारखाना बंद असतो.

कायद्याचे नाव मात्र आता बदलले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून १९४८ च्या कारखाने अधिनियमासह १३ कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी ४० किंवा अधिक कामगार असतील, तर ती जागा कारखाना ठरते. पण १० कामगार असलेल्या आस्थापनेलाही मालकाची मूळ कर्तव्ये लागू होतात, हे छोट्या उद्योजकांनी ध्यानात घ्यावे. नमुने आणि नोंदवह्या दुकानातून जुन्या छापील आणण्यापेक्षा संचालनालयाच्या कार्यालयातून सध्या लागू असलेल्या मागून घ्याव्यात. निरीक्षकाने तपासणीबरोबर सल्ला व मार्गदर्शनही करावे, अशी भूमिका संहितेने त्याला दिली आहे. त्यामुळे तपासणीची वाट न पाहता स्वतःहून जाऊन विचारण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू, कारण खरे काम तिथे आहे. अनुभवी निरीक्षक फायलीपाशी फार वेळ थांबत नाही. तो जिन मशीनच्या रांगेतून चालत जातो आणि त्याची नजर पट्ट्यावरच्या जाळीकडे जाते. जाळी जागेवर आहे एवढ्यावर तो समाधानी होत नाही. तिचे बोल्ट पाहतो. चारपैकी दोन बोल्ट नसतील, उरलेल्या दोघांचे आटे झिजून चकाकत असतील, तर जाळी रोज काढली जाते हे त्याला न विचारता कळते. ती रोज का काढली जाते, हा प्रश्न मालकाने विचारायला हवा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते : ग्रीस भरण्याचे तोंड जाळीच्या आत असते. फिटरला दर पाळीला बेअरिंगपर्यंत हात न्यावा लागतो, प्रत्येक वेळी चार बोल्ट खोलायला वेळ नसतो, आणि मग जाळी भिंतीला टेकवून ठेवली जाते. अशा फिटरला दंड करून किंवा ‘सुरक्षा प्रथम’ ही पाटी लावून काहीही बदलत नाही. ग्रीसची बारीक तांब्याची नळी जाळीबाहेर काढून तोंड बाहेर बसवले, की जाळी काढण्याचे कारणच उरत नाही. हे काम गावातला कोणताही चांगला फिटर एका दिवसात करतो. तुमच्या कारखान्यातील प्रत्येक जाळीपाशी उभे राहून ती कोण, केव्हा आणि कशासाठी काढतो, हे त्या त्या माणसाला विचारा. ही यादी हाती आली, की तुमची निम्मी तयारी झाली असे समजा.

दुसरी गोष्ट कपड्यांची. आपल्याकडे गळ्यात रुमाल किंवा उपरणे नसलेला माणूस सापडणे कठीण, आणि उन्हातान्हात ते लागतेच. परंतु फिरत्या शाफ्टजवळ रुमालाचे टोक, सदऱ्याची सैल बाही किंवा साडीचा पदर अडकला, तर माणूस ओढला जायला क्षणभरही लागत नाही. चालू यंत्राजवळ तपासणी किंवा वंगणाचे काम प्रशिक्षित आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या माणसानेच करावे, हे १९४८ च्या अधिनियमाच्या २२व्या कलमात स्पष्ट होते आणि त्यामागचे कारण आजही तेच आहे. रुमाल काढा असे नुसते सांगू नका. तो ठेवायला दाराशी खुंट्या लावा आणि डोक्याला बांधायला टोपी द्या.

तिसरी आणि जिनिंगसाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आग. कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात ठिणगी पाडतो, कधी बेअरिंग तापते, कधी आवारात उभ्या ट्रॅक्टरच्या धुराड्यातून ठिणगी येते, कधी विडी. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. पावडरच्या नळकांड्याने ज्वाळा बसते, पण रुईच्या गाभ्यातली आग बसत नाही. तिला भरपूर पाणी लागते आणि ढीग पसरून भिजवावा लागतो. जळालेली किंवा जळाल्याचा संशय असलेली गाठ गोदामात परत ठेवू नये. ती उघड्यावर, इतर मालापासून दूर नेऊन काही दिवस लक्षाखाली ठेवावी. सहा किलोचे पावडरचे नळकांडे साधारण पाव मिनिटात रिकामे होते, एवढे साधे ज्ञानही ते कधीच न चालवलेल्या माणसाला नसते. तेव्हा जी नळकांडी पुन्हा भरायला पाठवायची असतील, ती पाठवण्याआधी आवारात छोटी आग पेटवून कामगारांच्या हातून रिकामी करून घ्या. पिन कशी निघते, फवारा ज्वाळेच्या बुडाशी कसा धरायचा आणि वारा पाठीकडून का असावा, हे हाताला समजले की माणूस प्रसंगी घाबरत नाही.

दिवस किती लागतील, असेही तुम्ही विचारले आहे. कागद गोळा करायला आठवडा पुरेल. जाळ्या, पाणी आणि माणसे यांना मात्र हंगामाआधीचा अख्खा महिना द्या.

प्रश्न : मी प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. दर महिन्याला प्रशिक्षण घेतो, पडद्यावर चित्रे दाखवतो, सह्या घेतो. तरीही गेल्या तपासणीत निरीक्षकांनी एका कामगाराला साधा प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर देता आले नाही आणि आमच्या नोंदींवर शेरा मारला गेला. आमचे काय चुकते? (जळगाव औद्योगिक वसाहत)

उत्तर : तुम्ही मनापासून प्रशिक्षण घेता, हे तुमच्या पत्रावरून दिसते. परंतु ते कोठे, केव्हा आणि कोणत्या भाषेत होते, याचा विचार करू या.

जेवणानंतर पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, बारा तासांची पाळी करणारा माणूस पडद्यावरचे काही लक्षात ठेवील ही अपेक्षा धरता येत नाही. प्रशिक्षण पाळीच्या सुरुवातीला, दहा-पंधरा मिनिटांचे आणि यंत्रापाशी उभे राहून घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. आज भंगार दळणारा ग्राइंडर, पुढच्या वेळी प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरचे तापलेले तोंड, त्यानंतर चटईचा माग.

तुमच्याकडे अहिराणी बोलणारे, लेवा बोली बोलणारे, हिंदी बोलणारे आणि सातपुड्याकडून आलेले पावरा कामगार एकत्र असतील. छापील मराठीतले ‘संरक्षक आवरण हटवू नये’ हे वाक्य त्यांच्यापैकी कितीजणांच्या मनात उतरते? त्याच टोळीतला एखादा जाणता कामगार निवडा, आधी त्याला नीट तयार करा आणि पुढे त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. “मशीन बंद शे का?” असे शेजारच्याने विचारले की हात आपोआप थांबतो. आणि सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नका. त्याला सगळेजण मान डोलावतात. ‘करून दाखव’ असे म्हणा. लाल बटण कोठे आहे ते त्याने बोट लावून दाखवावे, ग्राइंडर अडकल्यावर काय करायचे ते त्याने स्वतः करावे आणि तुम्ही पाहावे. निरीक्षक यंत्रापाशी जे विचारतात ते साधारण हेच असते : हे यंत्र कोठून बंद होते, अडकले तर तू काय करतोस, आणि लागले तर कोणाला हाक मारतोस. ज्या माणसाने हे हाताने केले आहे, त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही.

ग्राइंडरचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबतो, कारण प्लास्टिकच्या कारखान्यांत बोटे जाण्याचे हे ठरलेले ठिकाण आहे. वीज गेली की यंत्र थांबते आणि कामगाराला वाटते, आता अडकलेले भंगार काढून घ्यावे. तो हात घालतो आणि त्याच वेळी वीज येते. चांगल्या स्टार्टरमध्ये वीज गेल्यावर संपर्क तुटतो आणि कोणी बटण दाबेपर्यंत यंत्र पुन्हा सुरू होत नाही. पण शेतातल्या पंपाला वीज येताच तो आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावण्याची आपल्याकडे सवय आहे आणि तीच सोय काही ठिकाणी कारखान्यातही केलेली आढळते. ती तात्काळ काढून टाकावी. वीज गेलेली असली तरी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचे, किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवायची आणि ‘आत माणूस काम करीत आहे’ अशी पाटी अडकवायची, हा क्रम प्रत्येकाच्या हाती बसला पाहिजे. दुसऱ्याने किल्ली सांभाळण्याची पद्धत चालू देऊ नका. पाळी बदलताना अपघात होतात ते तिथेच.

एक्स्ट्रूडरमधून निघणारे वितळलेले प्लास्टिक २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते कातडीला चिकटते. अशा वेळी ते ओढून काढू नये, कातडीही सोबत निघते. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा, हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये आणि दवाखान्यात न्यावे. हे करण्यासाठी यंत्रापासून काही पावलांवर नळ असावा लागतो. तो आहे का, ते पाहा.

नोंदीविषयी एक सूचना. सह्यांच्या कागदावर ‘सुरक्षा प्रशिक्षण’ एवढेच लिहू नका. कोणते यंत्र, कोणती गोष्ट, कोणाच्या बोलीत, कोणी करून दाखवले आणि कोणाला अजून जमत नाही, हे लिहा. शेवटचा रकाना रिकामा नसेल, तर निरीक्षकाला त्या नोंदीवर अधिक विश्वास वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला गावी गेलेला कामगार परत आला, की त्याला नव्याने आलेल्या माणसासारखेच पुन्हा यंत्रापाशी उभे करा. मधल्या काळात यंत्र बदललेले असते किंवा त्याची सवय तरी मोडलेली असते.

प्रश्न : आमच्या डाळ मिलमध्ये धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा खड्डा आहे. पावसाळ्यानंतर त्यात सडलेले धान्य साचते. वर्षानुवर्षे आमची माणसे उतरून तो साफ करतात आणि आजवर काही झालेले नाही. निरीक्षकांनी मात्र ‘बंदिस्त जागेत प्रवेशाची कार्यपद्धती’ मागितली. ती एवढी आवश्यक आहे का? (एक व्यवस्थापक, जळगाव)

उत्तर : होय, अत्यंत आवश्यक आहे. या अंकातील सर्व पत्रांत मला याच पत्राची अधिक काळजी वाटते.

ओले धान्य सडते तेव्हा ते हवेतील प्राणवायू वापरून टाकते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही आणि ज्यावरून धोका ओळखावा असा वासही नाही. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा उतरण्यास सुरक्षित मानत नाहीत, आणि तो फारच कमी असेल तर माणूस दोन-चार श्वासांत, ओरडण्याआधीच कोसळतो. आजवर काही झाले नाही याचा अर्थ आजवर खड्डा पुरेसा उघडा होता किंवा धान्य पुरेसे कोरडे होते, एवढाच घ्यावा.

डाळ मिलमध्ये आणखी एक धोका असतो. कीड लागू नये म्हणून साठ्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. कुजलेल्या माशासारखा किंवा लसणासारखा वास आला तर समजावे, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजू नये. गोळ्यांचे काम परवानाधारक कीड-नियंत्रण करणाऱ्यांकडूनच करून घ्यावे आणि त्यांनी जागा मोकळी असल्याचे मोजून, लिहून दिल्याशिवाय शेजारच्या खड्ड्यातही कोणी उतरू नये. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. मिलच्या खड्ड्यात ती चालत नाही. डाळीची धूळ हवेत असेल तर ज्योतीने भडका होऊ शकतो, आणि फॉस्फिन माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो.

तुमची कार्यपद्धती लांबलचक असण्याची गरज नाही, एक पान पुरे. एलिव्हेटरचा स्विच बंद करून कुलूप कोणी घातले, वरून धान्य येण्याची झडप बंद केली का, ब्लोअरने किती वेळ हवा सोडली, वायुमापकाने तळाशी, मध्ये आणि तोंडाशी काय आकडा दाखवला, उतरणारा कोण आणि बाहेर थांबणारा कोण, हे त्यावर असावे आणि जबाबदार माणसाची सही त्या दिवसापुरतीच चालावी. बाहेर थांबणाऱ्याने काहीही झाले तरी आत उतरायचे नाही. खाली पडलेल्या भावाला किंवा सोबत्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा उतरतो, आणि अशा घटनांत वाचवायला गेलेल्यांचेच जीव जातात. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगावर आधीपासून पट्टा आणि दोर हवा, म्हणजे बाहेरच्याला न उतरता त्याला वर घेता येईल.

हे खरोखर जमते का, ते एकदा करून पाहा. पन्नास किलोचे भरलेले पोते दोराला बांधून खड्ड्यात सोडा आणि दोघांना ते ओढून वर काढायला सांगा. दोर खड्ड्याच्या काठावर घासतो, पोते भिंतीला अडते आणि दोन धट्टेकट्टे हमालही मध्येच थांबतात. बेशुद्ध माणूस त्याहून जड असतो. एवढे पाहिले की तिवई आणि हाताने फिरवायची चरखी का लागते, हे तुमच्या शेठजींनाही सांगावे लागणार नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे माणूस उतरण्याची गरजच कमी करणे : पावसाळ्याआधी खड्ड्याला कठडा व झाकण करून पाणी आत जाणार नाही असे पाहावे आणि साफसफाईसाठी साचलेले धान्य वरूनच ओढून घेणारी नळी घ्यावी.

प्रश्न : मी मिरची कांडपाच्या कारखान्यात देठ खुडण्याचे आणि पॅकिंगचे काम करते. साहेब येणार असले की मुकादम आम्हांला मास्क आणि हातमोजे देतो, प्रशिक्षण झाले असे सांगा म्हणतो आणि साहेब गेले की सगळे परत घेतो. खरे सांगितले तर काम जाईल अशी भीती वाटते. आम्ही काय करावे? (नंदुरबार)

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे आणि ती दूर ठेवून उत्तर देणे योग्य होणार नाही. म्हणून आधी कायदा तुमच्या बाजूने काय म्हणतो ते सांगतो.

सुरक्षिततेची साधने देणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि त्यांचा कोणताही खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क तुम्हांला नव्या संहितेतही आहे. १९४८ च्या अधिनियमात तर प्रशिक्षण मिळण्याचाही हक्क लिहिलेला होता. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने कोणालाही सांगायचे नसते, इतकेच नव्हे तर ही तपासणी तक्रारीवरून होत आहे हेही त्याने उघड करायचे नसते, असे त्याच अधिनियमाचे ११८-अ हे कलम सांगत आले आहे. तेव्हा तपासणीच्या दिवशी सर्वांसमोर बोलण्यापेक्षा आधी पत्राने कळवणे तुमच्यासाठी अधिक सुरक्षित आहे. पत्र दोन-चार जणींनी मिळून लिहावे, त्यात मास्क कोणत्या दिवशी दिले आणि कोणत्या दिवशी परत घेतले एवढेच लिहावे. तपासणीत विचारलेच, तर जे घडले तेवढे साध्या शब्दांत सांगावे. न झालेले प्रशिक्षण झाले असे सांगण्याची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही.

मिरचीची बारीक भुकटी श्वासातून छातीत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर ती अडवत नाही. त्यासाठी एन-९५ सारखा नाकाला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि कांडपाच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पंखा असला तर मास्कवरचा भारही कमी होतो. हातांची आग नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही. आधी खाण्याचे तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेले तर मात्र तेल नको, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे.

मालकवर्गातील वाचकांनाही या पत्राच्या निमित्ताने सांगतो. घडीची रेषही न मोडलेला मास्क पन्नास चेहऱ्यांवर एकाच वेळी दिसला, तर निरीक्षकाला त्यातून सगळे कळते.

प्रश्न : एक सल्लागार ठरावीक रकमेत ‘तपासणीची संपूर्ण फाइल’ तयार करून देतो म्हणतो, मागील तारखांच्या प्रशिक्षण नोंदींसह. घ्यावी का? (अवधान, धुळे)

उत्तर : घेऊ नये. मागील तारखेची खोटी नोंद हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अपघात झालाच तर तीच फाइल मालकाविरुद्ध पुरावा ठरते, कारण तिच्यात प्रशिक्षण झाल्याचे लिहिलेले असते आणि कामगार न झाल्याचे सांगतो. नोंदी नसतील तर नाहीत असे सांगावे, आजच्या तारखेपासून सुरू कराव्यात आणि त्रुटी दूर करण्याचा लेखी आराखडा मुदतीसह द्यावा. चांगला सल्लागार जरूर घ्यावा. त्याच्याशी बोलणे कोठे होते, यावरून त्याची पारख होते : तो आधी टेबलापाशी बसतो की आधी कारखाना पाहायला निघतो.

प्रश्न : आम्ही दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन साजरा करतो, शपथ घेतो, सायरन वाजवून बाहेर पडण्याचा सरावही करतो. आमच्याकडे ज्वलनशील द्रावके आहेत. हे पुरेसे आहे का? (शिरपूर तालुका)

उत्तर : ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या १९६६ मधील स्थापनेचा दिवस आहे आणि तो पाळावा. परंतु जाहीर केलेल्या दिवशी, जाहीर केलेल्या वेळी झालेल्या सरावातून सायरन वाजतो एवढेच सिद्ध होते. रात्रपाळीत, मुख्य दार बंद आहे असे धरून सराव घ्या आणि जमण्याच्या ठिकाणी माणसे मोजा. आत किती माणसे होती याची यादी त्या क्षणी कोणाच्या हातात आहे, हे पाहा. बहुतेक सराव इथेच अडतात.

तुमच्या तालुक्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यातील स्फोटात दहाहून अधिक माणसांचा जीव गेला. धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या लोकांना देणे हे मालकाचे कर्तव्य, १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम घालून स्पष्ट केले गेले. तेव्हा सरावाला शेजारच्या गावच्या सरपंचांना, पोलिस पाटलांना आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला बोलवा. द्रावकांची नावे, त्यांवर पाणी टाकावे की फेस, आणि टाक्या कोठे आहेत हे दाखवणारा नकाशा प्रवेशद्वाराशी, बाहेरून वाचता येईल असा लावा. आगीचा बंब रात्री दाराशी येतो तेव्हा आत काय आहे हे सांगणारा माणूस जागेवर असेलच असे नाही.

प्रश्न : आमच्याकडची बरीच माणसे ठेकेदाराची आहेत. त्यांचे प्रशिक्षण आणि अपघाताची जबाबदारी ठेकेदाराचीच ना? (भुसावळ)

उत्तर : नाही. जागा तुमची, यंत्र तुमचे आणि कामही तुमचेच असल्याने सुरक्षित परिस्थिती आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी तुमच्यावर राहते. नुकसानभरपाईच्या बाबतीतही मुख्य मालकाकडे मागणी करता येते आणि त्याने ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ही तरतूद १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात होती आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाल्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दंडाची निम्मी किंवा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

ठेकेदाराशी करार करताना त्याच्या माणसांची नावे कामाच्या आदल्या दिवशी मिळतील आणि तुमच्या पर्यवेक्षकाने यंत्रापाशी तयार केल्याशिवाय कोणीही कामाला लागणार नाही, अशी अट घाला. अपघात झाला तर आधी माणसाला दवाखान्यात न्या, वीज तोडा आणि जागा जशी आहे तशी ठेवा. दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला कळवणे कारखाने अधिनियमाने बंधनकारक केलेले होते. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर फोनवरून लगेच आणि पाठोपाठ लेखी कळवावे. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून ही नोंद तुमच्या वहीत न घेण्याची चूक करू नका.